शाळेतून वस्तीपर्यंत मानसिक आरोग्य: पुण्यातील शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, पिंपरी-चिंचवड आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांत अनेक शिक्षक वर्गाबाहेरही मानसिक आरोग्याबद्दल बोलतात: पालकसभेत, सोसायटीत, गणेश मंडळाच्या कट्ट्यावर, ज्येष्ठ नागरिक संघात. हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मुलाच्या किंवा मोठ्या माणसाच्या जिवाला आत्ता या क्षणी धोका असेल तर हे पान वाचत बसू नका. त्याला एकटे सोडू नका आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. बोलण्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

हे तर डॉक्टरांचे काम. शिक्षकाने त्यात का पडावे?

उपचार डॉक्टरांनीच करायचे. पण माणूस त्यांच्यापर्यंत पोचेतो बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जवळपास एक तृतीयांश मानसिक आजारांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत होते, म्हणजे मूल सातवी-आठवीत असताना. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. पंचावन्न मुलांच्या वर्गात हे प्रमाण चार मुलांचे होते. याच सर्वेक्षणानुसार बहुतेक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक लोक उपचारांविना राहतात.

त्या चार मुलांना रोज पाच-सहा तास बघणारे, त्यांच्या घरी शब्दाला मान असणारे आणि फी न घेता बोलणारे माणूस म्हणजे शिक्षक. शिक्षकाची कामे चारच: बदल पाहणे, ऐकून घेणे, योग्य ठिकाणी जोडून देणे आणि नंतर विचारपूस करत राहणे. निदान करणे, औषधाबद्दल मत देणे, घरातल्या भांडणाचा निवाडा करणे ही त्यातली नव्हेत.

सुरुवात कुठून करावी? पहिले व्याख्यान कधी ठेवावे?

व्याख्यान सर्वांत शेवटी. आधी मदतीचा रस्ता तयार हवा. तुम्ही चांगले बोललात तर सभा संपल्यावर दोन-तीन माणसे थांबतातच. "बाई, जरा बोलायचं होतं" असे कुणी म्हणाले आणि तुमच्याकडे पुढचा पत्ता नसेल, तर त्या माणसाने मोठ्या मुश्किलीने गोळा केलेला धीर वाया जातो. परत तो कधी बोलेल सांगता येत नाही. आमच्या मते रस्ता तयार नसेल तर कार्यक्रम पुढे ढकलावा.

एका कागदावर मावेल अशी यादी करा. तुमच्या शाळेपासून सर्वांत जवळचे मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग कोणते, ते कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत केसपेपर काढतात, कोणत्या खिडकीवर जायचे, कोणती बस जाते, मुलाला न्यायचे असेल तर सोबत कोण लागते. हे फोनवर विचारू नका, एकदा स्वतः जाऊन या. विभाग दुसऱ्या इमारतीत हललेला असतो किंवा लहान मुलांची ओपीडी ठरावीक वारीच असते, हे तिथे गेल्यावरच कळते. हातावर पोट असलेला पालक एक दिवसाची मजुरी बुडवून गेला आणि हात हलवत परत आला, तर दुसऱ्यांदा तो जात नाही. यादीवर तारीख घाला आणि दर तीन महिन्यांनी ती तपासा.

मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या. उद्या एखाद्या पालकाने तक्रार केली तर हीच नोंद तुमच्या पाठीशी उभी राहते.

पुण्यात कुठे पाठवायचे?

सरकारी सेवांमध्ये ससून सर्वोपचार रुग्णालयाचा मानसोपचार विभाग शहराच्या मध्यभागी, पुणे स्टेशनजवळ आहे. जिवाला धोका असेल तर तिथला अपघात विभाग रात्रीही चालू असतो. औंधचे जिल्हा रुग्णालय हे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे ठिकाण. पिंपरी-चिंचवडकरांसाठी यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ पडते. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटले की लोकांना फक्त उंच भिंत आठवते, पण तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे. सकाळी जाऊन, औषधे घेऊन दुपारी घरी येणारे रुग्ण पुष्कळ असतात. हे सभेत आवर्जून सांगा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत.

स्वयंसेवी संस्थांमध्ये आत्महत्या प्रतिबंधासाठी कनेक्टिंग, व्यसनमुक्तीसाठी मुक्तांगण, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, वस्तीपातळीवरच्या कामासाठी बापू ट्रस्ट आणि मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका या पुण्यातल्या जुन्या संस्था आहेत. वेळा आणि फोन क्रमांक थेट त्यांच्याकडूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या हेल्पलाइनच्या याद्यांमधले कितीतरी क्रमांक बंद असतात. कोणताही क्रमांक पुढे पाठवण्याआधी स्वतः लावून बघा. केंद्र सरकारच्या मनोदर्पण उपक्रमाचा विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांसाठीचा क्रमांक ८४४८४४०६३२ आहे. मुलाचा छळ होत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक: नेमके कोणाकडे?

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्यातून करायच्या उपचारांची सत्रे घेतो. त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो विचारण्यात गैर काही नाही. समुपदेशक अडचणींवर बोलून मार्ग काढायला मदत करतो. मात्र ही पाटी लावणाऱ्यांत दोन वर्षे शिकलेले आणि दोन दिवसांचे शिबिर केलेले असे दोन्ही सापडतात. म्हणून पदवी, अनुभव आणि प्रसंगी तो कोणत्या डॉक्टरांकडे पुढे पाठवतो, हे विचारा.

झोप आणि भूक उडाली आहे, कानात आवाज येतात, विनाकारण संशय येतो, मरणाचे विचार येतात किंवा रोजची कामे होईनाशी झाली आहेत, यांपैकी काहीही असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ.

पहिला कार्यक्रम कसा आखावा?

पंचवीस-तीस माणसे आणि पाऊण तास. दोनशे जणांच्या सभागृहात कोणी तोंड उघडत नाही. पहिली पंधरा मिनिटे तुम्ही बोला, पुढची पंधरा एखादा प्रसंग समोर ठेवून लोकांना बोलू द्या, उरलेला वेळ प्रश्नांना. सभा संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचे, हे आधीच ठरवून या. कामाचे बोलणे त्याच अर्ध्या तासात होते.

वेळ लोकांच्या दिवसाप्रमाणे ठरवा. पर्वती पायथ्याच्या किंवा हडपसरच्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी अडीच ते चार मोकळ्या असतात, पण त्याच वेळी नळाला पाणी येत असेल तर एकही येणार नाही. पाण्याची वेळ विचारूनच सभा ठेवा. पुरुष रात्री आठनंतर मंडळाच्या कट्ट्यावर भेटतात. हिंजवडीला जाणारे पालक फक्त रविवारी सकाळी. कोथरूड-कर्वेनगर भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये सायंकाळी पाचची वेळ बरी. तिथे विषयही वेगळा असतो: मुले परदेशात, जोडीदार गेलेला, दिवस संपता संपत नाही. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना आधी भेटा. कोणत्या घरात काय चालले आहे हे त्यांना ठाऊक असते आणि त्यांनी बोलावले तर लोक येतात.

बोलायला सुरुवात आजारांच्या नावांनी करू नका. झोपेपासून करा. "रात्री झोप कशी लागते? मध्येच जाग येते का? पहाटे तीन-चारला उठून विचार सुरू होतात का?" हे विचारले की माना हलू लागतात. मग छातीतली धडधड, सतत येणारी चिडचिड, सगळे तपास नॉर्मल येऊनही दुखणारे डोके आणि पोट. उदासीनतेचा आणि चिंतेचा विषय तिथून आपोआप निघतो. दीर्घ श्वसनाचा छोटा सराव घेतलात तर एवढे सांगा की त्याने त्या वेळेपुरते बरे वाटते, पण महिनाभराच्या उदासीनतेवर तो उपाय नाही.

लोक सभेत प्रश्नच विचारत नाहीत. काय करावे?

प्रश्नपेटी ठेवा, पण कोपऱ्यात ठेवून "ज्यांना विचारायचं आहे त्यांनी चिठ्ठी टाका" असे म्हटले तर ती रिकामीच राहते. सगळ्यांना सारखा कागद द्या आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचेच असे सांगा. प्रश्न नसेल तर "प्रश्न नाही" एवढे लिहावे. सगळेच लिहीत असले की कोण काय लिहितोय याकडे कुणाचे लक्ष राहत नाही.

वर्गात हे करत असाल तर चिठ्ठ्या वर्गवार वेगळ्या ठेवा आणि त्याच दिवशी दोघा शिक्षकांनी मिळून वाचा. "मला जगायचं नाही" अशी निनावी चिठ्ठी निघाली तर निदान वर्ग तरी कळलेला असतो. चिठ्ठ्या कोण वाचणार, आणि जिवाला धोका दिसला तर आपण त्या मुलाला शोधणार, हे मुलांना आधीच सांगितलेले असावे. अक्षर ओळखून गुपचूप पकडले असे मुलांना वाटले तर पेटी कायमची बंद पडते.

मुलांमध्ये नेमके काय पाहायचे?

आधीचे मूल आणि आताचे मूल यांतला फरक. शांत मूल शांत असणे यात काळजीचे काही नाही. बडबडे मूल दोन आठवडे गप्प असेल तर आहे.

हजेरीपट हे तुमचे सर्वांत चांगले साधन. दर सोमवारी किंवा ठरावीक तासाच्या दिवशी गैरहजेरी, प्रार्थनेनंतर लगेच दुखणारे पोट, डबा न उघडता घरी परत जाणे, पहिल्या तासाला बाकावर डोके ठेवून झोपणे, अचानक घसरलेले गुण, बिघडलेले अक्षर, तुटलेली मैत्री. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे, मनगटावर खुणा, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, "आता लवकरच सगळं संपेल" असे बोलणे किंवा वहीच्या मागच्या पानावर तसे काही लिहिलेले असणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी बोला.

मुलग्यांची उदासीनता अनेकदा रागासारखी दिसते. मारामारी करणारा, उलट बोलणारा मुलगा शिक्षेच्या रांगेत जातो आणि त्याची विचारपूस होतच नाही.

दोन गोष्टींची गल्लत टाळा. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या वेगळ्या गोष्टी आहेत. आणि वाचन-लेखनात सतत अडखळणारे हुशार मूल आळशी नसून त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले तर त्याला दहावीच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. वर्षानुवर्षे "ढ" म्हणवून घेतल्यावर येणारी निराशा मात्र खरी असते आणि तिच्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते.

मुलाशी बोलायचे कसे?

वर्गासमोर नाही, शिक्षक-खोलीत इतरांच्या देखत नाही आणि बंद दाराआडही नाही. ग्रंथालयाचा कोपरा किंवा व्हरांड्यातला बाक चांगला: इतरांना दिसेल, पण ऐकू जाणार नाही. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसा. जे पाहिले तेच सांगा: "गेले दोन आठवडे तू मधल्या सुट्टीत एकटीच बसतेस. मला तुझी काळजी वाटली." मग थांबा. मुलाला उत्तर द्यायला वीस-तीस सेकंद लागू शकतात आणि ती शांतता शिक्षकांनाच जास्त जड जाते.

"एवढंच ना?", "आमच्या वेळी तर…", "आई-वडील किती कष्ट करतात बघ" ही तीन वाक्ये बोलणे तिथल्या तिथे संपवतात. उपाय सुचवण्याची घाई नको. पहिल्या भेटीत एवढेच कळले की शाळेत एक माणूस ऐकतो, तरी पुरे. निरोप घेताना पुढची भेट ठरवा आणि ती पाळा.

आत्महत्येबद्दल थेट विचारले तर तो विचार मुलाच्या डोक्यात भरवल्यासारखे होणार नाही का?

नाही. या प्रश्नावर जगभर अभ्यास झाले आहेत आणि विचारल्याने धोका वाढतो असे दिसलेले नाही. उलट कुणीतरी स्पष्ट विचारले म्हणून सुटका वाटल्याचे अनेक जण सांगतात. आडून विचारू नका. "वेडंवाकडं काही मनात नाही ना?" या प्रश्नात "नाही" हेच उत्तर अपेक्षित असते आणि मूल तेच देते. असे विचारा: "कधी कधी माणसाला इतकं असह्य होतं की मरून जावं असं वाटतं. तुला तसं वाटतंय का?"

उत्तर "हो" असेल तर आवाज न चढवता पुढचे विचारा. किती दिवसांपासून, रोज का, कसे करायचे याचा विचार केला आहे का, कधी, त्यासाठी काही जवळ आणून ठेवले आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का. साधन, वेळ ठरलेली असेल किंवा आधीचा प्रयत्न असेल तर धोका मोठा. मग क्रम असा:

१. मुलाला क्षणभरही एकटे सोडू नका, स्वच्छतागृहाच्या दारापर्यंतही कुणीतरी सोबत असू द्या.
२. मुख्याध्यापकांना लगेच सांगा.
३. पालकांना फोनवर तपशील न सांगता शाळेत बोलवा आणि समोर बसवून सांगा.
४. पालक मुलाला घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात जातील असे पाहा. शक्य असेल तर शाळेतले कुणी सोबत जा.
५. घरातली औषधे, कीटकनाशके, उंदराचे विष कुलपात किंवा घराबाहेर जाईल हे पालकांकडून वदवून घ्या. जुन्नर-शिरूर-भोरकडच्या शेतकरी कुटुंबांत हे विशेष महत्त्वाचे आहे. आत्महत्येचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळी साधन हाताशी नसले की जीव वाचतो.
६. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा.

आईची शपथ घालू नका. "असा विचार करणं पाप आहे" म्हणू नका. "कुणाला सांगणार नाही" असे वचन तर कधीच देऊ नका. त्याऐवजी "तुझ्या जिवाशी संबंधित आहे म्हणून मला सांगावं लागेल, पण कुणाला आणि कसं सांगायचं ते आपण मिळून ठरवू" असे म्हणा.

घरातल्याच कुणापासून मुलाला धोका असेल तर त्या व्यक्तीला बोलावू नका. १०९८ ला फोन करा.

मग गुप्तता किती पाळायची?

जिवाला धोका आणि अत्याचार या दोन गोष्टी सोडून सगळी. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. "शाळेचं नाव खराब होईल" म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

नोंदवहीत तारीख, मुलाची आद्याक्षरे, काय दिसले, कुणाला कळवले आणि पुढची तारीख एवढेच लिहा. वही कुलपात ठेवा. अहवालासाठी फोटो मागितले जातात, तेव्हा ते पाठीमागून, व्यासपीठाचे घ्या. समुपदेशनासाठी बसलेल्या मुलाचा फोटो शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कधीही जाता कामा नये.

पालक म्हणाले, "आमच्या पोराला वेडा ठरवताय का?" तर?

हा राग बहुतेक वेळा भीतीचा असतो, विशेषतः मुलीच्या बाबतीत "उद्या लग्न कसं जमायचं" ही भीती. आजाराचे नाव घेऊ नका, ते ठरवणे तुमचे काम नाहीच. वहीतली नोंद समोर ठेवा: "या महिन्यात सात दिवस गैरहजर, डबा खात नाही, घरी झोप कशी आहे?" झोप, भूक आणि अभ्यास या तीन गोष्टी प्रत्येक पालकाला कळतात. "एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ, काही नसेल तर आपलीच काळजी मिटेल" हे वाक्य चालते. पहिल्यांदा फॅमिली डॉक्टरांकडे जायला तयार असतील तर तेही चांगले. थायरॉइड किंवा रक्त कमी असल्यामुळेही मूल मलूल होते आणि ती तपासणी व्हायलाच हवी.

नकार आला तर दार आपटू नका. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवा. आजी, मामा, मोठी बहीण यांच्यापैकी घरात ज्याचे ऐकले जाते त्याला सोबत घ्या.

औषधांची सवय लागते, हे खरे का?

सभेत हमखास येणारा प्रश्न. उदासीनतेवरच्या नेहमीच्या औषधांचे व्यसन लागत नाही. त्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडे लागतात. मळमळ, अ‍ॅसिडिटी, डोके जड होणे असे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतात. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर, त्यामुळे बरेच जण आठव्या दिवशी गोळी सोडतात आणि "काही उपयोग झाला नाही" म्हणून सांगत फिरतात. दुसरी चूक बरे वाटल्यावरची. बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ औषध चालू ठेवावे लागते आणि थांबवताना डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करायचे असते. एकदम बंद केले तर चक्कर, अस्वस्थता येते आणि लोकांना तीच सवय वाटते.

झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय मात्र खरोखर लागते. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिनोन् महिने त्या घेत राहणे धोक्याचे आहे. दोन्ही प्रकारांत फरक आहे, हे स्पष्ट सांगा.

लोक आधी देवऋषीकडे जातात. त्यांना कसे सांगावे?

श्रद्धेवर हल्ला करून कुणी दवाखान्यात येत नाही. "देवदर्शन करा, पण डॉक्टरांची गोळी चुकवू नका" एवढे म्हटले तर घरचे ऐकतात. पण भूत उतरवण्यासाठी मारहाण, साखळीने बांधणे, उपाशी ठेवणे, मिरचीची धुरी असले प्रकार चालू असतील तर तिथे समजूत घालत बसायचे नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी अनेक वर्षे लढा दिला तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून लागू आहे आणि अशी मारहाण हा त्याखाली गुन्हा आहे. पोलिसांना कळवा.

दारूचा विषय काढावा का?

हो. अनेक मुलांच्या गप्प होण्यामागे घरातली दारू असते. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण पुण्यातच आहे, आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या सभाही शहरात मोफत होतात. एक सावधगिरी प्रत्येक सभेत सांगा: रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू सोडली तर दोन-तीन दिवसांत थरथर, झटके किंवा भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

परीक्षा आणि निकालाच्या काळात काय करावे?

निकालाच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर सुविचार पाठवण्याऐवजी ज्यांची काळजी वाटते त्या मुलांच्या घरी फोन करा. पालकांना सांगा की निकाल पाहताना मूल एकटे नसावे, त्या संध्याकाळी नातेवाइकांचे फोन त्याच्या हातात देऊ नयेत आणि पुरवणी परीक्षेची माहिती आधीच काढून ठेवावी. गुणपत्रक हातात पडताच "पुढे काय" याचे एक ठोस उत्तर घरात तयार असणे फार मोठा आधार देते.

सदाशिव आणि नारायण पेठेत एमपीएससीसाठी गावाहून आलेली मुले कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहतात, अभ्यासिकेत बारा-चौदा तास बसतात. त्यांना कुणाचा वर्ग नाही, कुणाची हजेरी नाही. तुमचे माजी विद्यार्थी त्यांत असतील तर महिन्यातून एक फोन करा. अभ्यासिकेच्या आणि खानावळीच्या मालकांनाही १४४१६ चे भित्तिपत्रक द्या. दोन दिवस डब्याला न आलेला मुलगा सर्वांत आधी त्यांच्या लक्षात येतो.

मंडळाला या विषयावर जिवंत देखावा करायचा आहे. काय सांभाळावे?

कल्पना उत्तम, कारण गणेशोत्सवात पेठांमधून फिरणारा माणूस कुठल्याही व्याख्यानाला येणार नाही. १० सप्टेंबरचा आत्महत्या प्रतिबंध दिनही अनेकदा त्याच सुमारास येतो. देखावा आठ-दहा मिनिटांचाच असतो, म्हणून एकच माणूस, एकच अडचण आणि तिथून मदतीपर्यंतचा प्रवास. मृत्यूचा प्रसंग, दोर, विषाची बाटली, चिठ्ठीचे वाचन यातले काहीही रंगमंचावर नको. गर्दीत उभ्या असलेल्या एखाद्या खचलेल्या माणसावर त्याचा घातक परिणाम होऊ शकतो. एकाच कारणावर बोट ठेवू नका, आत्महत्येला धाडस किंवा भ्याडपणा म्हणू नका. खलनायक सावकार आणि रडणारी आई दाखवून टाळ्या मिळतात, पण मदत कुठे मिळते ते कुणाच्या लक्षात राहत नाही. शेवटी पात्र फोन लावताना दिसावे. १४४१६ हा आकडा रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढा मोठा असावा आणि ध्वनिफितीत दोनदा सावकाश उच्चारला जावा, कारण ढोलांच्या आवाजात एकदा सांगितलेले ऐकू येत नाही. १० ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनाला तेच नाटुकले शाळेत करता येते.

शाळेत किंवा परिसरात कुणाचा आत्महत्येने मृत्यू झाला तर?

पहिल्या चोवीस तासांत काय केले जाते यावर इतर मुलांची सुरक्षितता बरीच अवलंबून असते. मोठ्या परिपाठात ध्वनिक्षेपकावरून जाहीर करू नका. प्रत्येक वर्गात वर्गशिक्षकाने एकच मजकूर वाचावा: अमुक विद्यार्थी आपल्यात नाही, आम्हा सर्वांना दुःख आहे, ज्यांना बोलायचे आहे त्यांच्यासाठी अमुक खोली उघडी आहे. कुटुंबाची परवानगी नसेल तर कारण सांगू नका. पद्धत तर कधीच सांगू नका. जवळचे मित्र, शेजारी बसणारे, नुकतेच भांडण झालेले आणि आधीच खचलेले, अशा मुलांची यादी करून त्यांच्याशी त्याच दिवशी एकेकटे बोला. रिकाम्या बाकाला हार घालणे, फोटोसमोर मोठी शोकसभा घेणे टाळा. खचलेल्या मुलाला त्यात मरणाचा गौरव दिसतो. शाळा शक्यतो नियमित भरवा. पत्रकारांशी एकाच व्यक्तीने बोलावे. महिना, वर्षदिन आणि त्या मुलाचा वाढदिवस या तारखा टिपून ठेवा.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला भरायचा नसतो आणि तिला उपचार, पुनर्वसन देणे ही सरकारची जबाबदारी असते. "पोलीस केस होईल" या भीतीने रुग्णालयात न नेणाऱ्या घरांना हे जरूर सांगा. याच कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती दिसली तर पोलिसांना कळवा. तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणे हे कलम १०० नुसार त्यांचे कर्तव्य आहे.

शाळेसाठी दोन गोष्टी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे आणि हेल्पलाइन क्रमांक ठळकपणे लावायचे आहेत. मुख्याध्यापकांकडे मागणी करताना या निकालाचा लेखी हवाला द्या.

हे सगळे ऐकून शिक्षकच थकतो. त्याचे काय?

एका शिक्षकावर हे काम सोपवू नका, किमान दोघे असा. रात्री दहानंतर फोन घेणार नाही, त्या वेळी १४४१६, हे पालकांना आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. एखादी अवघड गोष्ट ऐकल्यावर नाव न घेता सहकाऱ्याशी किंवा ओळखीच्या समुपदेशकाशी बोला. तुमचीही झोप दोन आठवडे उडाली असेल तर जी यादी इतरांना देता तीच वापरा.

काम उपयोगी पडते आहे हे कसे ओळखावे?

किती कार्यक्रम झाले, किती लोक आले हे अहवालापुरते ठीक. खरी नोंद वेगळी: सभेनंतर किती जण थांबले, त्यांतले किती प्रत्यक्ष दवाखान्यात पोचले, किती जण दुसऱ्या तपासणीला गेले, आणि न गेलेल्यांचे कारण काय. कारणांचा रकाना सर्वांत मोठा ठेवा. "रजा मिळाली नाही", "रांग मोठी होती", "सासूने नको म्हटलं", "औषध बाहेरून आणायला सांगितलं" अशी कारणे दिसली की पुढच्या महिन्यात काय करायचे ते समजते: कुणासोबत जायचे, कोणत्या वारी पाठवायचे, कोणत्या घरी आशाताईंना घेऊन पुन्हा जायचे.